नळाचा दिवस

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या त्या बंगल्यावर तळघरातली ओल काढायच्या कामासाठी मी गेलो तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. तळघराच्या पायऱ्यांवरच कुबट वास आला. घरमालक आजोबांनी खाली गाण्याची खोली केली होती. आवाज बाहेर जाऊ नये, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून आधीच्या ठेकेदाराने भिंतीला ग्लासवुल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, लावून वर प्लायवूड ठोकलं होतं. एक फळी उचकटून पाहिली. आतलं ग्लासवुल भिजल्या गोधडीसारखं जड होऊन खाली बसलेलं, प्लायच्या मागे काळी बुरशी आणि भिंतीला पांढरा लोणा. प्लाय लावण्याआधी वॉटरप्रूफ रंगाचे तीन हात झाले होते. नख लावलं तर तिन्हींचे पोपडे एकदमच हातात आले.

बाहेरून पाणी रेटत असताना आतून रंग मारणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणं. भिंतीमागे मीटरभर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन दाब येतो. तिथे रंगाचा पापुद्रा काय टिकणार?

भिंतीवर फूटभर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटवून आलो. दुसऱ्या दिवशी काढली, तर थेंब मागच्या बाजूला. समोर असते तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर निवतेय म्हणता आलं असतं. इथे पाणी भिंतीतूनच येत होतं. इंदूरची काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पावसाचं पाणी कातळावर तुंबतं आणि तळघराला टेकून राहतं. अशी कितीतरी तळघरं मी केली आहेत. पूर्वेची भिंत बाहेरून पायापर्यंत उकरायची आणि मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, लावायची, १ लाख ८० हजार. आकडा ऐकून आजोबा गप्प बसले.

आजी चहा घेऊन खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या येऊन बघ. उद्या जास्त ओल असेल."

"का हो आजी, पाऊस सांगितलाय का?"

"पावसाचं काय घेऊन बसलास? उद्या नळाचा दिवस आहे."

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. आजींनी मला वर स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात एक दिवसाआड निळ्या पेनाने 'न' लिहिलेला, आणि त्याच चौकटीत खाली बारीक 'ओ'. पोतेरं घेऊन तळघरात उतरावं लागलं की 'ओ'. मी पानं मागे उलटली. मे महिना. पावसाचा थेंब नव्हता, तरी 'न'च्या खाली 'ओ' होताच.

"यांना दाखवलं होतं," आजी म्हणाल्या, "तर म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच."

मला फार वाईट वाटलं. ओल कधी येते, कधी ओसरते, हे त्या घरात रोज फरशी पुसणाऱ्या बाईला मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टॉर्च घेऊन भिंतीपाशी बसलो. सहाला नळ आला. दर पंधरा मिनिटांनी ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ ओढत होतो. पाऊण तासात कोपरा गडद झाला, सव्वासातला भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार सुटली. ते वाटीत धरलं आणि पोहण्याच्या तलावावर क्लोरीन तपासतात ते औषध थेंबभर टाकलं. फिक्कट पिवळा रंग आला. त्यांच्याच बोअरचं पाणी दुसऱ्या वाटीत घेतलं, ते तसंच नितळ राहिलं. नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने घाट चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी या तळघरात मुरत होतं.

अंगणात उकरलं. भिंतीपासून दीड हातावर अर्ध्या इंची लोखंडी पाइपचा एल्बो गंजून टाचणीएवढं भोक पडलं होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्यात असे जुने सांधे ओढले जातात. पाइपच्या चरात मुरूम भरलेला, त्यामुळे गळलेलं पाणी कुठे न पसरता सरळ भिंतीकडे धावायचं. पाइप बदलला, आतल्या सांध्यात ग्राउट, म्हणजे फटी बुजवणारा पातळ सिमेंटचा माल, भरला, आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलसर कड, म्हणजे वाटा, घेतला. सगळं मिळून आधीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शात झालं. प्लाय मात्र मी परत लावू दिलं नाही. भिंत सुकायला महिने लागतात. पूर्ण सुकल्यावर पाणी न शोषणारे फोमचे बोर्ड लावू, तोवर भिंत उघडीच ठेवा, असं बजावून आलो.

दिवाळीच्या आधी आजींचा फोन आला. "आज नळ येऊन गेला. कालच कोपऱ्यात वर्तमानपत्राची घडी ठेवली होती. आत्ता उचलली. करकरीत आहे रे."