एमेन्टालच्या शेतरस्त्यांवरून सायकलने: थून ते बुर्गडॉर्फ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताई आणि मी स्वित्झर्लंडच्या बर्न कॅन्टनमधल्या एमेन्टाल या डोंगराळ शेतीप्रदेशातून दोन दिवस सायकलने फिरलो. ताई बरीच वर्षे बर्नजवळ राहते आणि मी पुण्याहून तिच्याकडे सुट्टीला गेले होते. तळ्यांच्या काठाने जाणारे सपाट मार्ग सुंदर असले तरी उन्हाळ्यात त्यांवर गर्दी असते आणि काही ठिकाणी ते मोठ्या रस्त्याला अगदी खेटून जातात. आम्हाला मात्र असा रस्ता हवा होता, जिथे अर्धा-अर्धा तास एकही मोटार भेटणार नाही आणि शेजारी चालणाऱ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. तसा रस्ता एमेन्टालमध्ये मिळतो. तो का मिळतो हे समजून घेतले तर तुम्हाला नकाशावर स्वतःचा मार्गही आखता येईल, म्हणून आधी तेच लिहिते.

या भागात शेतकरी गावात दाटीने राहत नाहीत. आपल्याकडे मळ्यात वस्ती असते, तसे प्रत्येक कुटुंबाचे घर आणि गोठा त्याच्या जमिनीच्या मधोमध, एखाद्या टेकडीच्या खांद्यावर असतो. शेत धाकट्या मुलाकडे अखंड जाण्याची इथली जुनी रीत असल्यामुळे जमिनीचे तुकडे पडले नाहीत, वस्त्या मोठ्या राहिल्या, आणि थकलेल्या आईवडिलांसाठी मोठ्या घराशेजारी बांधलेले ‘श्टॉक्ली’ नावाचे छोटे घर आजही वस्तीगणिक दिसते. अशा प्रत्येक वस्तीपर्यंत दुधाची गाडी, ट्रॅक्टर आणि शाळेची मुले यांच्यासाठी एक अरुंद, पण उत्तम डांबरी रस्ता जातो. हे रस्ते एकमेकांना जोडले गेल्यामुळे टेकड्यांवर त्यांचे जाळेच विणले गेले आहे, आणि लांबचा प्रवास करणारी वाहने खालच्या दरीतल्या हमरस्त्यानेच जात असल्यामुळे वर शांतता असते. यांपैकी बऱ्याच रस्त्यांच्या तोंडाशी लाल काठाची गोल पाटी असते. तिच्यावर मोटार आणि मोटारसायकल यांची चित्रे आणि खाली ‘त्सुब्रिंगरडीन्स्ट गेश्टाटेट’ असे शब्द असतात. तिथे राहणाऱ्यांखेरीज किंवा त्यांच्याकडे काम असणाऱ्यांखेरीज इतर मोटारींना आत बंदी आहे, असा त्याचा अर्थ. सायकलला ती बंदी लागू नाही. मला पहिल्यांदा ती पाटी पाहून परत फिरावेसे वाटले होते, पण ही पाटी दिसली की आपण योग्य रस्त्यावर आहोत असे खुशाल समजावे.

मार्ग शोधण्यासाठी देशभर एकच पद्धत आहे. सायकलमार्गांच्या पाट्या तांबूस किरमिजी रंगाच्या असतात, त्यांवर पांढरी सायकल असते आणि मार्गाचा क्रमांक फिक्या निळ्या चौकोनात लिहिलेला असतो. एक ते नऊ हे क्रमांक राष्ट्रीय मार्गांचे आहेत. आम्ही ज्याचा आधार घेतला तो ९९ क्रमांकाचा ‘हेर्त्सरूट’, म्हणजे हृदयमार्ग. तो लोझानपासून रोरशाखपर्यंत सगळा देश आडवा ओलांडतो आणि मोठे रस्ते जाणूनबुजून टाळतो. त्याचे थून ते लांगनाऊ आणि लांगनाऊ ते बुर्गडॉर्फ हे दोन टप्पे एमेन्टालच्या गाभ्यातून जातात. आम्ही काही ठिकाणी तो सोडून स्वतःच्या आवडीने वळलो, त्यामुळे खालचे वर्णन म्हणजे त्या मार्गाचा तंतोतंत आराखडा नव्हे. हे सायकलमार्ग नकाशावर दाखवणारे ‘श्वाइट्समोबिल’चे अ‍ॅप मोबाइलमध्ये असू द्यावे.

बर्नहून थूनला आम्ही एस-बान या लोकल गाडीने गेलो. इंटरसिटी गाड्यांमध्ये वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सायकलसाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. लोकल गाड्यांत ते बंधन नाही, मात्र सायकलचे वेगळे तिकीट दोन्हीकडे काढावेच लागते. परदेशी पाहुण्यांसाठी असलेल्या ‘स्विस ट्रॅव्हल पास’मध्येही सायकलचे भाडे धरलेले नसते. ज्यांची सायकल घडी करून किंवा चाके काढून पिशवीत घालता येते, त्यांना ती सामान म्हणून विनामूल्य नेता येते. माझी सायकल भाड्याची होती. निवडताना गिअरकडे नीट पाहावे, कारण इथले चढ लांबीला कमी पण उभे असतात. सिंहगडाचा घाट सायकलने चढणाऱ्या पुणेकराला दम पुरेल, पण सिंहगडाचा चढ एकदा संपला की संपतो. इथे मात्र चढ, उतार, ओढा, पुन्हा चढ असा क्रम दिवसभर चालू राहतो. गुडघे कुरकुरत असतील तर मनात काही न आणता ई-सायकल घ्यावी, आमच्या वाटेवर निम्म्याहून अधिक लोक तिच्यावरच होते.

थून ५६० मीटर उंचीवर आहे. श्टेफिसबुर्ग मागे पडल्यावर रस्ता चढू लागतो आणि हाइमेनश्वांडपर्यंत आपण हजार मीटरच्या आसपास पोहोचतो. पाठीमागे थूनचे तळे आणि त्याच्या वर श्टोखोर्न व नीझेन ही शिखरे दिसत असल्यामुळे थांबायला आपोआप निमित्त मिळते. पुढे र्‍योटेनबाखच्या दिशेने जंगल आणि कुरणे आळीपाळीने येतात. जरा आडवाटेला व्युर्त्सब्रुन्नेनचे जुने चर्च आहे. आत लाकडी छत आहे, बाहेर मोठी झाडे आहेत, आणि जेवणाचा डबा उघडायला याहून शांत जागा मला त्या दिवसात दिसली नाही.

याच पट्ट्यात माझी एक चूक झाली आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. उजव्या बाजूने चालायचे हे आपण पाठ करून गेलेलो असतो, पण ज्या चौकात कोणतीही पाटी वा खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम शेतरस्त्यांवरही लागू आहे. उताराच्या भरात मी अशाच एका फाट्यावरून सरळ निघाले आणि उजव्या हाताच्या पायवाटेसारख्या रस्त्याने गवताची गाडी ओढत ट्रॅक्टर आला. दोघांनीही वेळेवर ब्रेक दाबले. शेतकऱ्याने हात वर करून मला जाण्याची खूण केली, पण ताईने मला बाजूला थांबवून तो नियम दोनदा म्हणायला लावला. त्यानंतर प्रत्येक फाट्याआधी मी वेग कमी करत राहिले. वर्तुळाकार चौकात मात्र डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, हेही ध्यानात असावे.

र्‍योटेनबाखहून एगिविलला उतरले की एमे नदी भेटते, जिच्यावरून या प्रदेशाला नाव मिळाले. इथून लांगनाऊच्या बाजूला जाताना आम्ही एकदा पाटी चुकलो आणि दरीतल्या मुख्य रस्त्याला लागलो. दोन-तीन किलोमीटर मालमोटारी कानाजवळून जात होत्या. चुकल्याचे कळताच परत फिरावे. ‘आता पुढेच जाऊ’ असे म्हणून रेटले तर सगळा आनंद जातो. त्या दिवशी एकूण सुमारे ४५ किलोमीटर झाले आणि त्याला जेवणखाण धरून सात तास लागले. इतकाच पल्ला ठरवावा असा माझा आग्रह आहे, कारण सपाटीवरच्या हिशेबाने ८० किलोमीटर ठरवून आलेली दोन मंडळी आम्हाला संध्याकाळी लांगनाऊच्या स्टेशनावर अगदी थकून बसलेली भेटली.

लांगनाऊच्या अलीकडे एका वस्तीच्या भिंतीला टेकवून ठेवलेले लाकडी कपाट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वरच्या फळीवर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चेरीच्या कागदी पिशव्या होत्या, त्याखाली अंडी आणि मधाच्या बरण्या, आणि कोपऱ्यात खिळ्याने पक्का केलेला पत्र्याचा डबा, ज्याच्या झाकणाला नाण्यापुरती चीर पाडलेली होती. किमती पेन्सिलीने लिहिल्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हते. गोठ्यातून फक्त घंटांचा आवाज येत होता. आम्ही पैसे टाकले, चेरी तिथल्याच हौदाच्या पाण्यात धुतल्या आणि कठड्यावर बसून खाल्ल्या. इतक्यात घरातल्या आजी बाहेर आल्या, बर्नकडच्या रीतीने ‘ग्र्युएसेख’ म्हणाल्या, आणि ताईशी कापणी अजून आठवडाभर लांबली असती तर बरे झाले असते असे काहीसे बोलून परत कामाला लागल्या. अशी स्वयंविक्रीची कपाटे वाटेत पुष्कळ आहेत. मोबाइलवरून पैसे भरण्याची तिथली सोय बहुधा त्या देशात राहणाऱ्यांनाच वापरता येते, त्यामुळे एक, दोन आणि पाच फ्रँकची नाणी जवळ ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी लांगनाऊहून गोलच्या खोऱ्याने ल्युडरेनआल्पला चढलो. लांगनाऊ ६७३ मीटरवर आणि ल्युडरेनआल्प ११४४ मीटरवर आहे. शेवटच्या वळणांवर मी उतरून सायकल हाताने ढकलली. वर पोहोचल्यावर हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ एका रांगेत दिसतात, म्हणून हा चढ सकाळीच उरकावा. दुपारी ढग जमतात आणि जून-जुलैत वादळी पाऊसही येतो. पलीकडे वाझेनकडे उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, थोडे दाबून थोडे सोडत उतरावे. गवत कापण्याच्या दिवसांत वळणांवर ओले गवत पडलेले असते आणि पातळ शेणखताचे ओघळही असतात. त्यांवरून चाक सहज घसरते. कुरणाचे फाटक उघडले तर मागे लावूनच पुढे जावे, आणि रस्त्यावर गायींबरोबर वासरे असतील तर लांबून, हळू जावे.

वाझेन, सुमिसवाल्ड आणि आफोल्टर्न या गावांतून पुढे गेलो. आफोल्टर्नला एमेन्टाल चीज कसे करतात ते पाहण्याची सोय आहे. ७५ ते १२० किलोचे ते चाक जवळून पाहावे असेच असते, पण पारंपरिक एमेन्टाल चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी वासराच्या पोटातले रेनेट हे द्रव्य वापरतात हे शाकाहारी मंडळींना माहीत असावे. रेस्टॉरंटात बटाट्याची र्‍योष्टी मिळते. मागवताना ‘ओने श्पेक’, म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, असे आवर्जून सांगावे. खेड्यांतली खानावळ आठवड्यातून एक-दोन दिवस, बरेचदा सोमवारी किंवा मंगळवारी, बंद असते आणि रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून एका जेवणापुरती शिदोरी नेहमी बरोबर असावी. पाण्याची मात्र चिंता नाही. वस्त्यांवरच्या हौदांत अखंड धार पडत असते. ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे, अशी पाटी नसेल तर ते पाणी पिण्याजोगे असते.

हास्ले-र्‍युएग्साऊ इथला छत असलेला लाकडी पूल या वाटेवरचे माझे सर्वांत आवडते ठिकाण. १८३७ च्या महापुराने एमेवरचे पूल वाहून गेल्यावर मधला खांब नको असे ठरवून तो बांधला गेला, आणि १८३९ पासून एकाच कमानीने सुमारे ५८ मीटरचे अंतर पेलतो आहे. पुढे तो मूळ जागेवरून हलवण्यात आला. आत शिरल्यावर कमानीची तुळई हाताने चाचपून पाहता येते, एकावर एक रचलेल्या जाड फळ्यांचे थर बोटांना जाणवतात आणि भर उन्हातही लाकडाचा थंड वास येतो. तिथून नदीकाठच्या सपाट वाटेने बुर्गडॉर्फ गाठले.

बुर्गडॉर्फच्या किल्ल्यात आता युवा वसतिगृह आहे. तिथे राहायचे असेल तर उन्हाळ्यात जागा आधीच नोंदवावी आणि शेवटचा चढ दगडी रस्त्याचा आहे हे लक्षात ठेवावे. एक दिवस हाताशी असेल तर ९९ क्रमांकानेच हुटविलवरून विलिसाऊपर्यंत जाता येते. आम्हाला तो दिवस नव्हता. संध्याकाळच्या लोकलने बर्नला परतताना डब्याच्या दारावरचे सायकलचे चित्र शोधून तिथूनच चढलो. पुढचे चाक आकड्याला टांगायचे असते, त्यामुळे मागची पिशवी आधीच काढून हातात घेतलेली बरी.