तीन गुणांचं गाणं

लिस्बनमध्ये पर्यटकांना शहर दाखवताना कार्मो चौकात पोचलं की मी मोबाइलवर एक गाणं लावते. 'इ देपोइश दु अदेउश', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. पावलो दे कार्व्हालोंनी ते ६ एप्रिल १९७४ला ब्रायटनला युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत गायलं. त्या रात्री 'वॉटरलू' गाऊन आब्बा जिंकले. पोर्तुगालला मिळाले ३ गुण, आणखी तीन देशांसोबत शेवटचा नंबर.

२४ एप्रिलला रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी तेच गाणं लिस्बनच्या रेडिओवर लागलं. बंड करायला निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती तयारीची खूण होती. प्रेमभंगाचं, नुकतंच स्पर्धेला जाऊन आलेलं गाणं. गुप्त पोलिसांना त्यात काय खटकणार? मध्यरात्रीनंतर दुसरं, 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' वाजलं आणि तुकड्या निघाल्या. दुसऱ्या संध्याकाळी याच चौकातल्या बराकीत आसऱ्याला आलेले पंतप्रधान काएतानो शरण आले. ४८ वर्षांची हुकूमशाही संपली.

२०२४च्या २५ एप्रिलला, क्रांतीच्या पन्नाशीला, माझ्याबरोबर गोव्यातल्या फोंड्याचं एक कुटुंब होतं. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, ज्याच्या त्याच्या हातात क्रांतीची खूण असलेलं लाल कार्नेशनचं फूल. त्यांची नात युरोव्हिजनची भक्त. "ताई, शेवटचं आलेलं कशाला? साल्वादोर सोब्रालचं लावा ना!" तिचंही खरं होतं. २०१७मध्ये कीवला सोब्रालने बहिणीने लिहिलेलं गाणं इतक्या हळुवारपणे गायलं की ७५८ गुण मिळाले, पोर्तुगालचा पहिलाच विजय. ते मलाही फार आवडतं. पण या चौकात पहिला मान त्या तीन गुणांच्या गाण्याचा.

मी ते लावलं. पायरीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि मोठ्याने गाऊ लागले. आजूबाजूचे त्यांना सामील झाले. एकालाही शब्द अडले नाहीत.

गाणं संपल्यावर फोंड्याचे आजोबा त्यांच्याशी चक्क पोर्तुगीजमध्ये बोलू लागले. मुक्तीआधी शाळेत शिकलेली भाषा. घरच्यांनीही ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ते गृहस्थ १९७४मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत होते, अंगोला या पोर्तुगीज वसाहतीतल्या युद्धावर जायची पाळी आलेली. त्या रात्री बराकीत हे गाणं ऐकलं तेव्हा त्यामागची खूण त्यांना ठाऊक नव्हती. बंडानंतर त्यांचं जाणं रद्द झालं.

आजोबांनी आपल्या भावाचं सांगितलं. तो १९६०मध्ये लिस्बनला शिकायला आला. पुढच्या वर्षी गोवा मुक्त झाला, दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५पासूनच तुटलेले, आणि भाऊ इकडेच अडकला. काएतानोंच्या आधीचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सरकार गोव्यावरचा हक्क सोडायला तयार नव्हतं, काएतानोंचंही नाही. क्रांती झाली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. पंचाहत्तरच्या चतुर्थीला भाऊ घरी आला.

"आई गेली होती तोवर," आजोबा मराठीत म्हणाले. मग पोर्तुगीजमध्ये. त्या गृहस्थांनी आपल्या कोटाचं कार्नेशन काढून त्यांच्या खिशाला लावलं.

इतकी वर्षं मी हे गाणं पोर्तुगालच्या इतिहासातलं म्हणून सांगत होते. मी डिचोलीची, तरी ते आमच्याही घरांपर्यंत पोचलं होतं हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

पुढे किल्ला दाखवायचा होता, तो राहिला. दोघांना आव्हेनिदा या मोठ्या रस्त्यावरच्या क्रांतिदिनाच्या मिरवणुकीत चालायचं होतं. आम्ही सगळेच गेलो.