ऊडनाडाटाची धूळ आणि कप्प्याची खिट्टी

गाडीमागे जोडायचा, मुक्कामाची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर बघायला गेलं की विक्रेता आधी फ्रिजची सरकती ट्रॉली ओढून दाखवतो. मग बाहेर उघडणारं स्टीलचं स्वयंपाकघर, मग बॅटरी, मग सोलर पॅनेल. सामानाच्या कप्प्यांची दारं मात्र फटाफट उघडतो आणि लावतो, त्यांच्या खिट्ट्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. ज्या खिट्टीवर आपलं सगळं खाणंपिणं अवलंबून, तीच सगळ्यात स्वस्तातली बसवलेली असते. याचा मला आजही राग आहे.

आई जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, साताऱ्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला आली होती. तिला वाळवंट बघायचं होतं, म्हणून ऊडनाडाटा ट्रॅक ठरवला. मारी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता, १९८० साली बंद झालेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जाणारा. मारीपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मारी हे एके काळी उंटवाल्यांचं गाव. १८६६ मध्ये कराचीहून जहाजाने उंट आणि त्यांच्याबरोबर ३१ माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरली, आणि या ओसाड मुलखातली मालवाहतूक पुढे कित्येक वर्षं उंटांच्या पाठीवर चालली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती, हे सांगितल्यावर आई मारीतल्या जुन्या मशिदीच्या प्रतिकृतीपाशी बराच वेळ थांबली. "म्हणजे आपल्याच इलाख्यातून आली की रे ही माणसं," एवढंच म्हणाली.

मारीनंतर रस्त्याला आडव्या लाटा लागतात. इथे त्यांना कॉरुगेशन म्हणतात. टायरमधली हवा कमी केली, वेग बेताचा ठेवला, तरी ट्रेलर तासन् तास थरथरत राहतो. शिवाय धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ मागच्या दारांकडेच ओढली जाते. बारीकशी फटही पुरते. लेक एअर साउथ, समुद्रसपाटीच्याही खाली असलेलं ते पांढरं मिठाचं मैदान, बघून संध्याकाळी कावर्ड स्प्रिंग्जला पोचलो. जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागेवरचा कॅम्प, खजुराची झाडं, जमिनीतून येणाऱ्या कोमट पाण्याचा हौद. आई खूश होती.

मग मी स्वयंपाकाच्या सामानाचा कप्पा उघडला.

दार लागलेलं होतं, कुलूपही होतं, आणि आत सगळं लाल. पोह्यांच्या पिशवीवर, चहाच्या डब्यावर, चमच्यांवर मऊ लाल पीठ बसलेलं. भाजणीच्या डब्याचं झाकण थरथरून सैल झालं होतं. ही भाजणी आईने अ‍ॅडलेडला आल्यावर दोन दिवस खपून, धान्यं वेगवेगळी भाजून, मिक्सरवर थोडी थोडी दळून केली होती. तिने चिमूटभर हातावर घेतली, बोटाने पसरून पाहिली आणि म्हणाली, "ही चाळूनसुद्धा निघायची नाही. टाकून दे." आवाज चढला नाही, काही नाही. मला मात्र तो डबा रिकामा करताना फार वाईट वाटलं.

शेजारच्या ट्रेलरमधले सत्तरीचे गृहस्थ हे बघत होते. जन्मभर मेंढ्यांच्या फार्मवर यंत्रं दुरुस्त केलेले. ते आले आणि धुळीकडे न बघता त्यांनी दार लावून त्यावर तळहात ठेवून हलकेच दाबलं. दार आत गेलं आणि परत बाहेर आलं. "हे बंद आहे, आवळलेलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडून पेट्रोलची पावती मागून घेतली, दाराच्या रबरात धरली, खिट्टी लावली आणि पावती ओढली. सहज निघून आली. दाराच्या चारही बाजूंना त्यांनी हे करून दाखवलं. खिट्टीच्या बाजूला कागद कुठेच अडकत नव्हता.

आमच्या ट्रेलरला इथल्या बहुतेक कॅम्परना असते तशी व्हेल टेल खिट्टी होती. तिची मूठ देवमाशाच्या शेपटीसारखी दिसते. मूठ वर उचलून फिरवली की आतली पोलादी जीभ चौकटीच्या मागे जाते, आणि मूठ खाली दाबली की जीभ मागे ओढली जाऊन दार रबरावर आवळलं जातं. सगळी करामत त्या शेवटच्या ओढीत आहे. ती ओढ किती, हे आतल्या आटेवाल्या दांड्यावर जीभ कुठे बसवली आहे त्यावर ठरतं, आणि जीभ जागेवर धरून ठेवतात दोन नट. आमचे साधे नट थरथरीने सैल होऊन जीभ आटे सोडत मागे सरकली होती. दार उघडून आत हात घातला असता कळलं असतं. पण बाहेरून खिट्टी अगदी शहाण्यासारखी लागत होती.

त्यांनी नट काढले तेव्हा मुठीच्या मुळाशी चीर दिसली. वरून स्टीलसारखा मुलामा, आत जस्ताचं ओतीव काम. हे बघून मात्र ते चिडले. "असं सामान या रस्त्यावर चालेल म्हणून विकतातच कसे?" त्यांच्याकडे एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात जुन्या खिट्ट्या, जिभा, नायलॉनची कडी असलेले नट, रबराचे तुकडे, सगळं नीट लावलेलं. अंधार पडला, थंडी वाढली, कपाळाला दिवे बांधून आम्ही बसलो. आपल्या डब्यातली अस्सल स्टीलची खिट्टी त्यांनी बसवली, जीभ अर्धा आटा फिरवून बघितली, पावती ओढली, पुन्हा अर्धा आटा. फार आवळलं तर पत्रा वाकतो आणि कोपऱ्यांना नवी फट पडते, म्हणून कागद घट्ट धरला जाताच थांबायचं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

शेवटी कुलूप तपासताना त्यांनी सहज आपली किल्ली आमच्या पुढच्या पेटीत घातली. ती फिरली. पेटी उघडली. दोघांचे ट्रेलर वेगवेगळ्या कंपन्यांचे, विकत घेतलेले वेगवेगळ्या राज्यांत, आणि किल्ली एकच! हे फक्त इथलं नाही. अमेरिकेत आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या, सामानाच्या कप्प्यांना सर्रास सीएच ७५१ या क्रमांकाचं कुलूप असतं, आणि त्याची किल्ली कोणालाही दुकानात मिळते. कॅम्पवर मी माणसांवर विश्वास टाकतो आणि टाकत राहीन. पण कुलूप म्हणून पैसे घेऊन असं काही विकणं मला पटत नाही.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. "पुढे कुणाची खिट्टी तुटली तर तुझ्या डब्यातली दे," म्हणाले. सकाळी आईने कणकेत कांदा-मिरची घालून थालीपीठं लावली आणि "घ्या हो, गरम आहेत तोवर" असं सरळ मराठीत म्हणून त्यांच्या हातात ताटली दिली. शहराजवळच्या गजबजलेल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये शेजारी एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. अशा आडवाटेवर माणूस माणसाला विचारतो, म्हणून मला हे रस्ते आवडतात, धुळीसकट.

पुढे विल्यम क्रीक, अल्जबकिनाचा ५७८ मीटर लांबीचा जुना रेल्वे पूल, ऊडनाडाटाचं गुलाबी रोडहाउस. प्रत्येक थांब्यावर मी आधी तो कप्पा उघडायचो. आत धूळ नव्हती.

घरी आल्यावर सगळ्या मागच्या दारांच्या खिट्ट्या बदलल्या. अस्सल स्टीलच्या, आतून नायलॉनच्या कडीचे नट आणि आट्यांवर निळा थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ न देणारा गोंद. तो धरून ठेवतो आणि पान्याने सुटतोही. रबर सगळं नवीन घेतलं, कारण जुनं चपटं झालं की कुठलीच खिट्टी उपयोगाची नाही. कुलपं मुद्दाम वेगळ्या किल्लीची मागवली, दुकानदार "एकच किल्ली सोयीची पडते" म्हणत होता तरी. कुलपात तेल घालणं बंद केलं. तेलाला धूळ चिकटून आत लगदा होतो. आता ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंकतो.

पुढची पेटी तेवढी राहिली आहे. तिथलं जुनं भोक नव्या खिट्टीला मोठं पडतं, त्यामुळे मागून पत्र्याची पट्टी लावून रिवेट मारावे लागतील. पुढच्या हिवाळ्यात वायव्य ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडला जायचं आहे, ६६० किलोमीटर, त्याआधी ते काम करायचं आहे. दोन जादा खिट्ट्या मात्र आणून ठेवल्या आहेत, माझ्या डब्यात.