सातावर अडकलेला मीटर : आमची वाटचाल

पाणी तपासायचे मीटर आम्ही बनवतो आणि दुरुस्त करतो. कुर्ल्याच्या आमच्या गाळ्यात शिरलात की मांडणीवर पहिली नजर एका सागवानी पेटीवर जाते. आत तीन कप्पे, बफरचे. बफर म्हणजे ठरावीक पीएचचं द्रावण, मीटर ताडून बघायला; पीएच सात म्हणजे ना आम्ल ना अल्क, खाली आम्ल, वर अल्क. गुलाबी बफर ४.०१, पिवळा ७.००, निळा १०.०१. चौथा कप्पा लहान, त्यात कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते, ते ताडायचं १४१३ मायक्रोसीमेन्सचं स्टँडर्ड. झाकणाला आतून चामड्याची पट्टी, तिच्यात थर्मामीटर. लालबागच्या एका सुतारकाकांनी जुन्या दाराच्या फळीतून ती करून दिली आणि पैसे घ्यायला शेवटपर्यंत नाही म्हणाले. ही पेटी मांडीवर घेऊन मी पहिली सहा वर्षं लोकलने हिंडलो. गर्दीच्या वेळी मालडब्यातून, कोळणींच्या पाट्यांशेजारी, कारण पेटी आडवी होऊन चालत नाही.

धंदा दोघांनी सुरू केला होता. मी आणि डिप्लोमाला माझ्याशेजारी बसणारा मित्र. तो सर्किटचा माणूस, मी पाण्याचा. लॅमिंग्टन रोडवरून सीए ३१४० ही चिप आणि इलेक्ट्रोड जोडायचं बीएनसी सॉकेट, प्रिन्सेस स्ट्रीटवरून केमिकल आणि काचसामान, आणि रात्री त्याच्या घरच्या ओट्यावर सोल्डरिंग. पहिला हातात धरायचा पीएच मीटर आम्ही तिथेच जोडला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. पाण्यात बुडवायच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा (प्रोबचा) रोध शेकडो मेगाओहम असतो, म्हणून इनपुटची पिन पीसीबीला न टेकवता टेफ्लॉनच्या खुंटीवर हवेत उभी ठेवायची, हे त्याने मला शिकवलं. त्या एका खुंटीवर पुढे आमचं सगळं नशीब उभं राहणार होतं. तीन वर्षांनी घरची जबाबदारी वाढली आणि तो आखातात नोकरीला गेला. भांडण नाही, हिशेब नाही. जाताना स्वतःची सोल्डरिंग गन ठेवून गेला. ती अजून चालते.

अण्णा आमचे तिसरे गिऱ्हाईक. साकीनाक्याला त्यांचं प्लेटिंगचं युनिट, निकेल आणि क्रोम. क्रोमच्या पाण्याचं ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. आधी ॲसिडने पीएच दोन-अडीचवर आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकून पिवळं पाणी हिरवं करायचं, मग चुन्याने साडेआठ-नऊवर न्यायचं, तेव्हा कुठे गाळ खाली बसतो. मीटर अर्ध्या अंकाने चुकला तरी क्रोम पाण्यातच राहतं. अण्णांच्या आधी सगळे पट्टीचा कागद वापरायचे. अण्णांनी मीटर घेतला आणि त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत तीन आकडे लिहायला लागले : सकाळचं बफर, टाकीतलं पाणी, बाहेर सोडलेलं पाणी. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. अशा किती गुंडाळ्या त्यांच्या माळ्यावर असतील कोण जाणे. इतका मन लावून मीटर वापरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग २००५.

२६ जुलैला मी अंधेरीला सर्व्हिस कॉलवर होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३, हे आकडे नंतर कळले. त्या दुपारी एवढंच कळत होतं की पाणी गुडघ्यावरून कमरेपर्यंत येतंय. रात्र एका शाळेच्या जिन्यात काढली, पेटी डोक्याखाली. दुसऱ्या दिवशी चालत कुर्ल्याला आलो. मिठीचं पाणी गाळ्यात छातीएवढं चढून उतरलं होतं आणि मागे चिखल, डिझेलचा वास आणि कागदाचा लगदा ठेवून गेलं होतं. विमा नव्हता. दुरुस्तीला आलेले एकोणीस मीटर होते, गिऱ्हाइकांचे. पोटॅशियम क्लोराइडच्या टोप्या घातलेले नवे इलेक्ट्रोड वाचले, कारण त्यांना ओलंच राहायचं असतं. बाकी सगळं गेलं.

तीन आठवडे मी आणि आमचा मदतनीस मुलगा, दोघांनी मिळून बोर्ड धुतले. आधी गोडं पाणी, मग डिस्टिल्ड, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेला ब्रश, मग साठ वॅटच्या बल्बखाली रात्रभर. एकोणिसातले चौदा उठले. पाच जणांना नवे मीटर दिले, पतपेढीतून कर्ज काढून. कुणाकडूनही एक रुपया घेतला नाही. हे मी लिहितोय कारण पुढे आमच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात हे नव्हतं.

तो मुलगा आमच्याकडे पाच वर्षं होता. शिकलेला माझ्याच हाताखाली. इलेक्ट्रोड पुसायचा नाही, टिश्यूने टिपायचा, हे सांगताना मी त्याचा हात धरून दाखवलं होतं. चौथ्या आठवड्यात तो आला नाही. महिन्याभरात कळलं की त्याने दोन गल्ल्या पलीकडे स्वतःची फर्म काढली आहे आणि आमची गिऱ्हाइकांची वही त्याच्याकडे आहे. वही पुरात वाहून गेली असं मी समजत होतो. तो एकेकाला फोन करून सांगत होता, "साहेबांचा गाळा बुडाला, आता ते काही उठत नाहीत." आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर बफरशी ताडून बरोबर लावल्याचं, सर्टिफिकेट आमच्या निम्म्या दरात. मीटर पाठवायचीही गरज नाही. नंबर कळवा, सर्टिफिकेट कुरिअरने येईल.

अकरा गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या एकाच्या ऑफिसात मी उधारी मागायला गेलो असताना टेबलावर ते सर्टिफिकेट दिसलं. तापमानाच्या रकान्यात ३० अंश. खाली आकडे : ४.०१, ७.००, १०.०१. मी तिथेच ओळखलं. निळा बफर १०.०१ दाखवतो तो २५ अंशांना. ३० अंशांना तोच बफर ९.९७ असतो, बाटलीच्या मागे तक्ता छापलेला असतो. ज्याने प्रोब खरंच बाटलीत बुडवला त्याच्या कागदावर ३० अंशांना १०.०१ येऊच शकत नाही. हे त्यालाही मीच शिकवलं होतं. मी गप्प राहिलो. उधारी मागायला आलेला माणूस दुसऱ्याचं सर्टिफिकेट खोटं ठरवायला लागला तर कोण ऐकतं? ती माझी चूक झाली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांच्याच वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी झाली. सोडलेल्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये हवा. त्यांच्या रजिस्टरमध्ये दोन महिने रोज ७.०, ७.१, ७.०. तपासणीच्या नमुन्यात चारच्या खाली. कारखान्याला नोटीस आली. मीटर आमचा होता, आमच्या नावाचं स्टिकर त्याच्यावर होतं. ऑगस्टमधलं कॅलिब्रेशन त्या मुलाचं होतं, पण स्टिकरशी त्याचा काय संबंध? कारखान्याच्या मालकांनी वसाहतीच्या असोसिएशनला पत्र लिहिलं की या फर्मचे मीटर फसवे आहेत, सभासदांनी सावध राहावं. पत्राच्या झेरॉक्स आठवड्यात रबाळ्यापर्यंत पोचल्या. त्या महिन्यात आमच्याकडे एक फोन आला, तोही चुकून लागलेला. हिला मी सांगितलं की गाळा सोडू आणि कुठेतरी नोकरी धरू. तिने विचारलं, "मीटर खरंच चुकला का?" मी म्हटलं, मला बघायलाच मिळाला नाही.

अण्णांनी तो बघायला मिळवून दिला. असोसिएशनच्या मीटिंगला ते मला घेऊन गेले आणि कारखान्याच्या मॅनेजरला म्हणाले, मीटर इथे आणा. खिशातून लिंबू काढलं, चहाच्या ग्लासात पिळलं, प्रोब आत. ७.०. ग्लास धुऊन त्यात चुन्याची निवळी. ७.०. मग प्रोब हवेत धरला, तरी ७.०. खोलीत कुणी बोलेना. मी माझा मीटर लिंबात घातला, २.३.

सातावर अडकलेला मीटर म्हणजे काय हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इलेक्ट्रोडकडून शून्य मिलिव्होल्ट येतायत (शून्याला मीटर सात वाचतो), म्हणजे त्याच्या टोकाचा काचेचा बल्ब तडकलाय किंवा कनेक्टर शॉर्ट आहे. मी बीएनसी उघडला. आत पुराच्या गाळाचा पातळ, ओलसर थर. जुलैच्या पाण्यात तोही मीटर भिजला होता आणि कुणी त्याला उघडून पाहिलं नव्हतं. अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला, कुणाच्या तरी टेबलफॅनसमोर पंधरा मिनिटं धरला आणि लिंबात घातला. २.४. मग मी ऑगस्टचं सर्टिफिकेट मागितलं. त्यावर तीन बफरचे तीन आकडे अगदी बरोबर होते. सातावर मेलेल्या मीटरने ४.०१ आणि १०.०१ कसं दाखवलं, एवढंच विचारलं.

अण्णा उठले आणि म्हणाले, "माझा मीटर यानंच लावायचा. बाकीच्यांनी आपापलं ठरवा." निघताना मला दाराशी म्हणाले, "अरे, लिंबाचे दोन रुपये दे." मी दिले. त्यांनी खरंच घेतले.

अकरातली सात गिऱ्हाइकं परत आली. पत्र मात्र कुणी मागे घेतलं नाही. तोंडी सांगितलं, लेखी नाही. ज्याने कुरिअरने सर्टिफिकेट वाटली त्याची आज तीन ऑफिसं आहेत, आणि लोक मला सांगतात की जुनं झालं, सोडून द्या. माझ्यासाठी ते जुनं झालेलं नाही.

पुढची पंधरा-सोळा वर्षं बरी गेली. माणसं वाढली, पाण्यातला ऑक्सिजन आणि टर्बिडिटी (गढूळपणा) मोजणारे मीटर आले, मुलगी धंद्यात आली, तिने कामाची पद्धत आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे लावून घेतली.

मीटर वापरणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, त्यातले आयन बाहेर ओढले जातात आणि तो मंद होतो. टोपीत तीन मोलरचं पोटॅशियम क्लोराइड घाला. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नका, निळा तर नाहीच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो आपोआप उतरतो, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. स्लोप, म्हणजे इलेक्ट्रोड आदर्श मानाने किती टक्के जोर देतो तो आकडा, ९५ टक्क्यांच्या खाली गेला तर आधी बल्ब धुऊन बघा, लगेच नवा घेऊ नका, आणि दुकानदाराने घ्यायला लावला तर आमच्याकडे या. कंडक्टिव्हिटी मोजताना तापमानाची भरपाई चालू आहे का बघा. बंद असेल तर १४१३ चं स्टँडर्ड ३० अंशांना साडेपंधराशेच्या आसपास दिसेल आणि तुम्ही उगाच सेलला (कंडक्टिव्हिटीच्या प्रोबला) दोष द्याल. ऑक्सिजनचा प्रोब ओल्या हवेत लावताना ३० अंशांना लिटरला ७.५६ मिलिग्रॅम यायला हवा. आठच्या वर दाखवत असेल तर मेम्ब्रेनखाली बुडबुडा आहे का ते पाहा. मुंबईच्या नळाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे पीएच स्थिरावायला वेळ लागतो. तीन-चार मिनिटं थांबा. आकडा हलतोय म्हणून मीटर खराब, असं म्हणत रोज एकजण आमच्याकडे येतो.

आणि दारात येऊन नळाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून ते काळं-तपकिरी करून दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ती घाण पाण्यातली नसते. वीज सोडल्यावर कांडीचं लोखंड झिजतं, तो गंज असतो. आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. आमच्या सोसायटीत एका आजींनी या खेळाला फसून पेन्शनमधून मशिन घेतलं. मी त्यांच्याच ग्लासात मीठ टाकून, फिल्टरच्याच पाण्याचा तसाच रंग करून दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीडीएसच्या पेनाने जंतू कळत नाहीत, शिसं कळत नाही, क्लोरीनही कळत नाही. ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. एवढं सांगायला कुणाचं काही जात नाही, तरी कुणी सांगत नाही.

या जूनमध्ये अण्णांचा मुलगा त्यांचा मीटर घेऊन आला. युनिट आता तोच बघतो, अण्णा गावी असतात. तोच पहिला मीटर, डिस्प्ले एकदा बदललेला, इलेक्ट्रोड कितीदा ते आता मोजत नाही. मुलीने तिन्ही बफर लावले. तापमान ३०.२, निळा ९.९७, स्लोप ९७. मुलाने खिशातून छोटी डायरी काढून आकडे टिपून घेतले. कॅलेंडरवर लिहीत नाहीस का, मी विचारलं. म्हणाला, "लिहितो ना काका. हे बाबांना फोनवर सांगायला."