नौपाड्याच्या गॅलरीत डब्लिनची धुलाई

परदेशात राहणारं माणूस सुट्टीवर घरी आलं की त्याला एक मानद पद आपोआप मिळतं, त्या देशाच्या राजदूताचं. पगार शून्य, पण जाब सगळे विचारणार. मी डब्लिनला राहते, म्हणजे तिथली घरभाडी, तिथला पाऊस, ॲपलचा कर, गुगलच्या नोकऱ्या या सगळ्याचा खुलासा मीच करायचा. तोही ठाण्यात, नौपाड्याच्या आमच्या गॅलरीत, भज्यांचा दुसरा घाणा येईपर्यंत.

यंदा वाद होता तो कंपन्यांना वठणीवर आणण्यात युरोप भारी की नाही यावर, आणि दोन पक्ष होते. मामांचं सगळं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात गेलं, युनियनमध्ये गेटसभा गाजवलेला माणूस. त्यांचं मत पक्कं: "तिकडे कंपन्यांना कायद्याचा धाक आहे, इथे कायद्यालाच कंपन्यांचा." समोर आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ऐरोलीच्या आयटी पार्कात टीम लीड. त्याचं म्हणणं, "तिकडे कायदे निघतात, कंपन्या अमेरिकेत निघतात. युरोपवाल्यांनी इतक्या वर्षांत जगाला काय दिलं? वेबसाइट उघडली की कुकीज स्वीकारता का, हा प्रश्न!" वहिनी बँकेत आहे. ती दोन्ही पक्षांचे कप उचलत होती आणि अधूनमधून एकेक वाक्य टाकत होती. त्या एका वाक्याने कोणत्या तरी पक्षाचं डिपॉझिट जप्त व्हायचं.

विषय निघाला तो दादाच्या ऑफिसातल्या नोकरकपातीवरून. तिथे 'कपात' म्हणत नाहीत म्हणे. एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावतात, एचआरची मुलगी पाण्याचा ग्लास पुढे सरकवते आणि स्वतःच्या लॅपटॉपची स्क्रीन त्याच्याकडे वळवते. राजीनाम्याचा मजकूर तयारच असतो, "वैयक्तिक कारणास्तव". तू स्वतःहून टाकलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर पुढच्या कंपनीने चौकशी केली की आम्हाला खरं सांगावं लागेल. दादाच्या टीममधल्या एकाने वैयक्तिक कारण कोणतं म्हणून विचारलं, तर मुलगी म्हणाली, "ते कंपल्सरी फील्ड नाहीये."

"आणि तुम्ही सगळे टाकता?" मामांनी विचारलं.

"टाकतो. घराचे हप्ते असतात, मामा."

"आमच्या वेळी गेट बंद झालं असतं."

"तुमच्या वेळी गेट बंदच झालं ना शेवटी? आता तिथे टॉवर आहे," दादा म्हणाला. यावर मामा थोडा वेळ भजीच खात राहिले.

मग मी माझं हुकमाचं पान काढलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्या घेतल्या निम्म्याच्या आसपास माणसं काढली आणि उरलेल्यांना एक मेल धाडला: यापुढे जबरदस्त राबावं लागेल, कबूल असेल तर उद्या संध्याकाळी पाचपर्यंत 'हो'वर क्लिक करा, नसेल तर तीन महिन्यांचा पगार घेऊन निघा. डब्लिन ऑफिसातल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने क्लिकच केलं नाही. कंपनीने ठरवलं, म्हणजे त्याने राजीनामा दिला. तो थेट तिथल्या कामगार तंटा आयोगाकडे गेला. मेलमधलं बटण न दाबणं म्हणजे राजीनामा नव्हे आणि चोवीस तासांची मुदत ही मुदतच नव्हे, असं ठरवून आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला साडेपाच लाख युरोंची भरपाई दिली. आपल्याकडचे पाच कोटींच्या घरात.

मामांनी टाळी मागितली, मी दिली. दादाने विचारलं, "बाकीच्यांचं काय झालं?"

दादाचं हे बरोबर होतं. बाकीचे गेलेच. आयर्लंडमध्ये एकदम बरीच माणसं काढायची असतील तर आधी तीस दिवस कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते. मी ती जवळून पाहिली आहे. प्रतिनिधी प्रश्न लिहून देतात, कंपनी गुळगुळीत स्लाइड्समधून उत्तरं देते, "आम्ही आपल्या भावनांची नोंद घेतली आहे". एकतिसाव्या दिवशी यादी तीच निघते. कायद्याने मिळणारी रक्कम नोकरीच्या दर वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार, वर एक आठवडा बोनस, आणि तोही आठवड्याला ६०० युरोंच्या मर्यादेत मोजायचा. माझ्यासारख्या वर्क परमिटवाल्यांना नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. ते मात्र खरोखरच मोठं आहे, अमेरिकेतले मित्र साठ दिवसांत गाशा गुंडाळतात.

"म्हणजे फाशी तीच," मामा म्हणाले, "फक्त शेवटची इच्छा विचारतात."

"आपल्याकडे इच्छासुद्धा तेच टाइप करून देतात," वहिनी म्हणाली.

इथून गाडी राजकारणावर घसरणारच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची, तो आकडा आता ३०० झाला. मामांच्या मते हे मालकांना आंदण, दादाच्या मते यामुळेच कारखाने येतील. मग सत्तर तास आणि नव्वद तास निघाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास सुचवले, पुढे जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे नव्वद तास गाजले, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार या प्रश्नासकट. "बायकोकडे नका बघू," वहिनी आतून म्हणाली, "सिंककडे बघा." आयर्लंडमध्ये २०२१ पासून ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काची आचारसंहिता आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझा ऑफिसचा फोन वाजला. कॅलिफोर्नियात सकाळ झाली होती. पुढे काही सांगायची गरज पडली नाही.

पण मामांचं युरोपप्रेम खऱ्या अर्थाने आटलं ते ॲपलच्या करावर. ही गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण इथे ती अर्धीच पोचते. युरोपने ॲपलला दंड केला, एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

२०१६ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी मंडळाने, हिशेब मांडला. आयर्लंडने ॲपलच्या दोन कंपन्यांना कराबाबत अशी काही सवलत दिली होती की युरोपातल्या नफ्यावर त्यांना पडणारा कर २००३ मध्ये १ टक्का होता आणि २०१४ पर्यंत ०.००५ टक्क्यावर आला. म्हणजे दहा लाख युरो नफ्यावर पन्नास युरो. ठाण्यातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, एवढ्यात त्याचा सीए फोनही उचलणार नाही. कमिशनने आयर्लंडला फर्मावलं, ही बेकायदा मदत आहे, १३०० कोटी युरो वसूल करा.

आणि आयर्लंड काय म्हणालं? नको. रीतसर कोर्टात गेलं आणि ॲपलच्या शेजारी उभं राहून भांडलं, की आम्हाला हे पैसे मिळता कामा नयेत. देशात घरांची बोंब, हॉस्पिटलात ट्रॉलीवर पेशंट, आणि सरकार जनतेच्याच खर्चाने वकील लावून, लग्नात आहेराचं पाकीट परत करणाऱ्या पाहुण्यासारखं "नाही हो, कशाला, राहू द्या" करतंय. २०२० मध्ये खालच्या युरोपीय कोर्टात ते जिंकलेही! शेवटी १० सप्टेंबर २०२४ ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि पैसे बळंच पदरात पडले.

"पण का?" मामांना कळेना.

कारण आज एका कंपनीकडून वसूल केलं तर उद्या बाकीच्यांना वाटणार की इथेही कर भरावा लागतो. डब्लिनचं ते टेक कंपन्यांचं चकचकीत ग्रँड कॅनाल डॉक, तिथल्या नोकऱ्या, माझीसुद्धा, ह्याच भरवशावर उभ्या आहेत. हे बोलताना मला फार अभिमान वाटत होता असं नाही.

दादा खूश झाला. लगेच त्याने स्वदेशीचं निशाण फडकवलं: म्हणून आपलं स्वतःचं सॉफ्टवेअर हवं, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गेले ते उगाच नाही. यात तथ्य आहे, आणि त्याचं उदाहरण दादापेक्षा मीच चांगलं दिलं. जुलै २०२५ मध्ये युरोपने रशियावरच्या निर्बंधांत गुजरातमधल्या वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीचं नाव घातलं, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा ४९ टक्के वाटा. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल वगैरे सेवा थांबवल्या. कायदा युरोपचा, कंपनी अमेरिकेची, बंद पडली भारतातली मेल. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि थोड्याच दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. स्वदेशीचा कळवळा तिकडेही आलाय बरं का, जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आपल्या कचेऱ्यांमधले तीसेक हजार संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिबरऑफिस या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरवर नेतंय.

"स्वदेशी झालं की ती कंपनी रात्री साडेदहाला फोन नाही करणार?" वहिनीने विचारलं. दादाची कंपनी अस्सल भारतीय आहे. त्याने विषय बदलला.

इतका वेळ ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती, आणि ती दोन्ही पक्षांच्या सोयीची नव्हती. ज्या ज्या ठिकाणी कंपनी वठणीवर आली तिथे कोणीतरी बटण न दाबता बसून राहिलं होतं, नाहीतर कोर्टाची पायरी चढलं होतं. कायद्याचं पुस्तक कपाटातून आपलं आपण उतरलं असं एकदाही झालं नाही. आणि सरकार बहुतेक वेळा कंपनीच्याच बाकावर बसलेलं, मग ते तिथलं असो की इथलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. घरात उकडण्यापेक्षा आम्ही ट्रान्स हार्बरने रबाळ्याला मावशीकडे निघालो, मामाही आले. त्या पट्ट्यात पूर्वी केमिकलचे, औषधांचे कारखाने होते, तीन पाळ्या चालायच्या. आता ऐरोली, रबाळे, महापे हा डेटा सेंटरांचा, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवायच्या गोदामांचा मुलूख. समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात, विजेच्या मोठ्या लाइनी आहेत, एमआयडीसीची जमीन आहे, आणि राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात सवलतीही आहेत. रस्त्याने चालताना एका सेंटरची भिंत लागली. करड्या रंगाची प्रचंड इमारत, खिडकी औषधालाही नाही. मागच्या अंगाला कंटेनरएवढे डिझेल जनरेटर ओळीने, प्रत्येकाचं धुराडं वेगळं. गच्चीवरून पंख्यांची एकसुरी घरघर खालपर्यंत येत होती, आणि भिंतीतून गरम झोत अंगावर. मामांनी गेटवरच्या टपरीवाल्याला विचारलं, पाळी कधी सुटते. तो म्हणाला, "पाळी कसली काका, दिवसाला तीस-चाळीस चहा जातात. पूर्वी थर्मास पुरायचे नाहीत."

आमच्या डब्लिनच्या पश्चिमेला ग्रेंज कॅसल नावाचं औद्योगिक क्षेत्र आहे, तिथे अशाच बिनखिडकीच्या इमारती उभ्या आहेत. थंड हवा ही आयर्लंडची जमेची बाजू, बाहेरचा वाराच आत घेऊन यंत्रं गार ठेवता येतात. रबाळ्याच्या मे महिन्यात ती सोय कुठली! तरीही २०२३ मध्ये आयर्लंडच्या मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी खाल्ली, शहरांमधल्या सगळ्या घरांनी मिळून १८ टक्के. २०१५ मध्ये सेंटरांचा वाटा ५ टक्के होता. पुढे डब्लिनच्या आसपास नवी वीजजोडणी मिळणं मुश्कील झालं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये साउथ डब्लिनच्या कौन्सिलने ग्रेंज कॅसलमधल्या गुगलच्या नव्या सेंटरला परवानगी नाकारली. वीजजाळ्यात जागा नाही, जागेवर पुरेशी हरित वीजही नाही, ही कारणं दिली.

"गुगलला? साध्या कौन्सिलने?" दादा रस्त्यातच थांबला. "मग ते सेंटर आता जाणार कुठे?"

मामांनी छत्रीच्या टोकाने त्याच्या पायाखालची जमीन दाखवली.

"बरं आहे की," दादा म्हणाला, "ऑफिस जवळ पडेल."

"तुला कोण घेतंय तिथे?" वहिनी म्हणाली. "तीस चहातला एक कप तरी मिळाला तर बघ."