कामाचा रकाना

रविवार, रात्री साडेदहा

चाकणच्या कंपनीच्या नोकरीच्या ऑफरला उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. चार दिवस वहीत दोन रकाने आखून बसलेय. डावीकडे नाशिकचं अंबड, म्हणजे आत्ताची नोकरी, उजवीकडे चाकण.

आधी पैसे. आत्ताचं सीटीसी (कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो सगळा खर्च) ५.४ लाख, तिकडचं ७.८. महिन्याला २०,००० जास्त, म्हणून मी पेढे आणायलाच निघाले होते. मग ऑफर लेटरचं मागचं पान वाचलं. ७२,००० व्हेरिएबल, तेही वर्षाअखेरीस, रेटिंग बघून. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच धरलेला. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीसुद्धा, जी पाच वर्षं टिकले तरच मिळणार. माझा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापून हातात साधारण ५०,०००. आज येतात ३८,०००. म्हणजे १२,००० जास्त. त्यातून तिकडच्या खोली आणि डब्याचे ९,५०० गेले की उरले अडीच हजार, आणि त्यातून आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत घरी यायचं.

शिवाय इथे मला चार वर्षं चार महिने झालेत. आठ महिने थांबले तर ६३,००० च्या आसपास ग्रॅच्युइटी. २२,००० बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, तीनदा करून बघितलं.

एवढ्यावर नाही म्हणता आलं असतं. पण पुढची नोकरी मागताना आजचाच आकडा विचारतात, हेही खरं. पैशांनी काही सुटेना.

मग लक्षात आलं, चाकणच्या रकान्यात सगळे आकडे, नाशिकच्या रकान्यात आई, मैत्रिणी, रविवारची मिसळ. कामाबद्दल दोन्हीकडे एक ओळ नाही! दिवसाचे नऊ तास जिथे जाणार, तेच विसरले होते.

इथलं लिहायला सोपं. सीएमएमची, म्हणजे सुटे भाग मोजायच्या मशीनची खोली, २० अंशांवर. मे महिन्यात अख्ख्या शॉपमधली माणसं काहीतरी निमित्त काढून आत येतात. शॉपमधल्या मशीनवरून आलेला गरम जॉब, म्हणजे नुकताच घडवलेला भाग, आधी तिथे निवत ठेवायचा, मगच माप घ्यायचं, नाहीतर मायक्रॉनमध्ये चुकतं. (जॉबला निवायला वेळ देतात. मला एचआरने चार दिवस दिले.)

तिकडचं माहीतच नव्हतं, म्हणून काल रजा टाकून गेले. मामेभावाच्या ओळखीची एक मुलगी त्याच खात्यात आहे. शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर भेटली. सप्लायर क्वालिटी म्हणजे दिवसभर व्हेंडरला फोन, ८डी रिपोर्ट (मालातल्या दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा ठरलेला नमुना), एक्सेल. मी विचारलं, मायक्रोमीटर शेवटचा कधी हातात धरलास? हसली. "ट्रेनिंगला."

तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. माणसांशी बोलायला आवडतं तिला, वर चढायचं तर हाच रस्ता, असंही म्हणाली. बरोबरच असेल. मला मात्र परतीच्या बसमध्ये नारायणगाव येईपर्यंत घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

आत्ताच नकाराचा मेल लिहून ठेवलाय. उद्या साहेबांकडे कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापं घ्यायची उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासायच्या ट्रेनिंगचा अर्जही देणार. दोन वर्षं नुसतं तोंडी बोलतेय. ते काय म्हणतील सांगता येत नाही, बजेटचं रडगाणं ठरलेलंच.

निघताना आईने एकच विचारलं होतं, "तिथे पाणी रोज येतं का गं?" ते विचारायचं राहूनच गेलं.