एलए किस हा संघ का बुडाला

ऑगस्ट २०१३ मध्ये घोषणा, मार्च २०१४ मध्ये पहिला सामना आणि २०१६ च्या उन्हाळ्यात शेवटचा. अरेना फुटबॉल लीग म्हणजे अमेरिकन फुटबॉल बंद हॉलमध्ये खेळवणारी लीग; तिच्यातल्या एलए किस या संघाचं आयुष्य एवढंच. मालकांमध्ये किस या रॉक बँडचे जीन सिमन्स आणि पॉल स्टॅन्ली, त्यांचा मॅनेजर डॉक मॅगी आणि या लीगमध्ये आधी ओरलँडोचा संघ चालवलेला ब्रेट बूशी. पहिल्या सिझनला ३ विजय आणि १५ पराभव, दुसऱ्याला ४ आणि १४, तिसऱ्याला ७ आणि ९. दर वर्षी कामगिरी सुधारत गेली आणि ज्या वर्षी प्लेऑफ गाठली, त्याच वर्षी संघाला टाळं लागलं. त्यामुळे याचं कारण स्कोअरबोर्डवर शोधण्यात अर्थ नाही. ते हॉलचं भाडं, तारखा, तिकिटं आणि विमा यांत आहे.

आधी खेळ. जिम फॉस्टरला ही कल्पना १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहताना सुचली आणि १९८७ मध्ये चार संघांची लीग उभी राहिली. मैदान ५० यार्ड लांब, दोन्ही टोकांना प्रत्येकी ८ यार्डांचा एंड झोन (चेंडू घेऊन तिथे पोचलं की गुण), रुंदी ८५ फूट. सगळं मिळून लांबी ६६ यार्ड, म्हणजे १९८ फूट. आइस हॉकीचं मैदान २०० बाय ८५ फुटांचं असतं, म्हणजे हा खेळ हॉकीच्या हॉलच्या मापानेच शिवलेला आहे. फक्त हॉकीचे कोपरे गोल असतात, त्यामुळे एंड झोनचे कोपरे कापले जातात आणि कोपऱ्यात पास झेलायला धावणारा खेळाडू थेट भिंतीला भिडतो.

एका बाजूला आठ खेळाडू. पंट मारायला, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायला, बंदी. त्यामुळे चौथ्या डाउनला (चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) एकतर पुढे जा, नाहीतर फील्ड गोलचा, म्हणजे चेंडू गोलपोस्टमधून लाथाडण्याचा, प्रयत्न करा. गोलपोस्टची रुंदी फक्त ९ फूट आणि आडवा दांडा १५ फुटांवर. पोस्टच्या दोन्ही अंगांना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच जाळ्या छतापासून टांगलेल्या. त्यांचा खालचा काठ जमिनीपासून ८ फुटांवर. किक चुकली आणि चेंडू जाळीवर आपटून परत आला तर तो जिवंतच. गल्लीत भिंतीवरून आलेल्या चेंडूवर कॅच धरणाऱ्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फॉस्टरने या खेळाचं पेटंटही घेतलं होतं, त्यामुळे इतर इनडोअर लीग वर्षानुवर्षं जाळ्यांशिवायच खेळत राहिल्या.

बचावफळीत दोन लाइनबॅकर (पुढच्या ओळीमागे उभे राहणारे बचावपटू), त्यांना मॅक आणि जॅक म्हणतात. मॅकला क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावून जायची मुभा असते, जॅकला ठरलेल्या चौकटीत थांबावं लागतं. आक्रमणातल्या एका रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) चेंडू सुटण्याआधीच पळत पुढे यायची परवानगी असते. एवढ्या सवलती आणि एवढंसं मैदान, त्यामुळे एका संघाचे ५०-६० गुण होणं नेहमीचंच. कर्ट वॉर्नर १९९५ ते १९९७ या काळात आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून हेच खेळला आणि पुढे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये सुपर बोल, म्हणजे तिचा अंतिम सामना, जिंकला. (२०१२ मध्ये पुणे मराठाज नावाचा संघ असलेली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तिच्या पाठीराख्यांतही वॉर्नर होता. तो खेळ मात्र उघड्या मैदानावरचा.)

आता हॉल. एलए किसचे घरचे सामने व्हायचे अ‍ॅनाहाइमच्या होंडा सेंटरमध्ये. नावात लॉस एंजेलिस, पत्ता ऑरेंज काउंटीचा. शहराच्या मध्यापासून साधारण ४५ किलोमीटर, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या फ्रीवेवर ते अंतर काटायचं म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनाही ठाऊक असेल. हॉल हॉकीच्या डक्स संघाचा. फुटबॉलसाठी आधी बर्फावर उष्णतारोधक फळ्या टाकायच्या, कडेच्या काचा उतरवायच्या, उरलेल्या भिंतीला जाड फोमचे पॅड बांधायचे. मग टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवताचे, गुंडाळे उलगडून शिवणी जुळवायच्या, शेवटी जाळ्या चढवून ताणायच्या. यात बिघडण्यासारखं बरंच असतं. फळ्यांखालच्या बर्फामुळे ओल धरली की टर्फ निसरडं होतं. शिवण उघडी राहिली की बुटाचं टोक अडकतं. जाळीचा ताण कमी पडला की चेंडू उसळत नाही, नुसता खाली पडतो. दुसऱ्या दिवशी हॉकी असेल तर हे सगळं रात्रीतच उतरवावं लागतं, आणि कामगारांची मजुरी वेगळी.

खरी अडचण तारखांची. अरेना लीगचा सिझन मार्च ते ऑगस्ट आणि हॉकीची प्लेऑफ एप्रिलपासून. डक्स त्या काळात चांगले खेळत होते; २०१५ मध्ये तर ते कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीच्या एक पायरी आधीपर्यंत, पोचले. भाडेकरूला तारखा मिळतात त्या मुख्य संघाच्या आणि मैफलींच्या गरजा भागल्यावर उरलेल्या.

१८ सामन्यांच्या सिझनमध्ये घरचे सामने फक्त ९, आणि वर्षभराची तिकिटांची कमाई त्याच नऊ रात्रींत व्हायला हवी. सुरुवातीला संघाने सिझन तिकिटं ९९ डॉलरपासून विकली, म्हणजे सामन्यामागे ११ डॉलर. सोबत किसच्या मैफलीचं आमिष. लोक आले, रुपेरी रंगाचं टर्फ, आगीचे लोट, कानठळ्या बसवणारं संगीत पाहिलं. एएमसी वाहिनीवर २०१४ मध्ये संघाचा रिअ‍ॅलिटी शोही झाला. पण बँड दर आठवड्याला वाजवणार नाही हे उघड होतं. पहिल्या वर्षी ११ डॉलरला बसलेल्या माणसाकडून दुसऱ्या वर्षी २५ मागणं, तेही ३-१५ अशा सिझननंतर, हे कोणत्याही विक्री विभागाला जड जातं. स्वस्त तिकिटाने हॉल भरतो, पण त्या खुर्चीची किंमत प्रेक्षकाच्या डोक्यात तिथेच अडकते. माझ्या मते या संघाची सगळ्यात मोठी चूक हीच.

खर्चाचं म्हणाल तर खेळाडूंचा पगार हा त्यातला मोठा आकडा नव्हेच. २०१० मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा सामन्यामागे ४०० डॉलर मिळत. पुढे मूळ रक्कम आठ-नऊशेच्या आसपास गेली. दोन डझनांचा संघ धरला तरी एका सामन्याचा पगार हॉल, विमान आणि हॉटेल यांच्यापुढे किरकोळ ठरतो. जड असतो तो कामगार नुकसानभरपाईचा विमा. भिंतीवर आदळणाऱ्या माणसांचा विमा कोणती कंपनी स्वस्तात देईल? त्यातून कॅलिफोर्नियात कारकिर्दीत साचत गेलेल्या दुखापतींसाठी खेळाडू दावे लावत आलेले. बाहेरच्या राज्यांतल्या संघांच्या खेळाडूंचे असे दावे रोखायला २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. इथल्या संघाला त्यातून सुटका नव्हती.

प्रवासाचा हिशेब तर हातात नव्हताच. २०१५ मध्ये सॅन होजे सेबरकॅट्सने १७ सामने जिंकले, एकच गमावला, विजेतेपद पटकावलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळला. जिंकल्याने संघ वाचतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं. स्पोकेन दुसऱ्या लीगमध्ये गेला. मॉटली क्रू या रॉक बँडच्या विन्स नीलचा लास वेगास आउटलॉज तर एकाच सिझनमध्ये आटोपला. म्हणजे दोन रॉक बँडवाले मालक, दोघांचंही दुकान बंद. पश्चिमेचे शेजारी असे गळत गेले तशी जवळची प्रतिस्पर्धी शहरं कमी झाली, विमानप्रवास लांबला, आणि आदल्या महिन्यात पाहिलेलाच संघ प्रेक्षकांपुढे पुन्हा येऊ लागला. २०१४ मध्ये लीगमध्ये १४ संघ होते, २०१६ मध्ये ८. सामनेही १६ वर आले, म्हणजे घरच्या रात्री आणखी कमी.

२०१६ मध्ये प्रशिक्षक बदलला, ओमार स्मिथ आला, संघ प्लेऑफला पोचला आणि क्लीव्हलंडकडून हरला. त्यानंतर तो मैदानात दिसला नाही. त्याच हिवाळ्यात ओरलँडो, जॅक्सनव्हिल आणि पोर्टलंडही लीगमधून बाहेर पडले, आणि अ‍ॅरिझोनाने इनडोअर फुटबॉल लीगची वाट धरली. असा संघ मिटतो तेव्हा त्याचे खेळाडू उरलेल्या संघांत वाटले जातात. पण एकदम इतके संघ मिटल्यावर वाटप घ्यायलाही फारसं कोणी उरत नाही. २०१७ चा सिझन पाच संघांवर निघाला, त्यांतले बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन हे दोन तर नवेच.

२०१७ धरून लीगने आणखी तीन सिझन रेटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि त्या वेळी पुढे आलेलं एक कारण म्हणजे कामगार विम्याच्या जुन्या कंपनीने लावलेला लाखो डॉलरचा दावा.